पाटीवरचा नंबर

मित्रांनो, मी गच्चीवरचा एक जुना डबा आहे. पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी खांबाला जखडलेला, उन्हाने पिवळा पडलेला. या वस्तीला माझ्यातून बिनतारी इंटरनेट मिळतं. माझ्या खांबाला कुणीतरी कपड्यांची दोरी बांधली आहे, पण त्याचं मला काही नाही. माझा जीव टांगणीला लागलाय तो वेगळ्याच गोष्टीने.

मोठ्या कंपन्यांनी या चढावरच्या वस्तीकडे पाहून नाक मुरडलं, तेव्हा एका माणसाने कंबर कसली. एकही तार न ओढता तो घरोघरी इंटरनेट देतो, तरी लोक त्याला वायरवालाच म्हणतात! मला आणि माझ्या भावंडांना पाठीवर घेऊन त्याने एकेक गच्ची गाठली. माझ्या वाट्याला प्रसूतिगृहाची गच्ची आली. खाली बाळाचे ठोके यंत्रावर उमटायचे आणि माझ्यातून दूरच्या डॉक्टरांना दिसायचे. सिस्टर येणाऱ्याजाणाऱ्याला माझं कौतुक सांगायची. मला केवढा अभिमान वाटायचा!

पण वायरवाल्याने एक घोळ करून ठेवला होता. आमच्यात शिरायला परवलीचा आकडा लागतो. विसरायला नको म्हणून त्याने सगळ्या डब्यांना एकच आकडा दिला, दुकानाच्या पाटीवर रंगवलेला स्वतःचा फोन नंबर. बायकोने टोकलं, तर म्हणाला, आपल्या वस्तीत कोण चोर येतोय? अहो, या चोराला वस्तीत यावं लागतच नाही, तो इंटरनेटवरूनच शिरतो. पाटीचा फोटो तर यानेच जाहिरातीत जगभर दाखवला होता.

आणि एक दिवस चोर आलाच. नंबर टाकला, सरळ आत. एकामागून एक सगळी भावंडं त्याच्या मुठीत गेली. कुठला कुठला कचरा तो आमच्याकडून वाहून घेऊ लागला. मी तापलो, पार मेटाकुटीला आलो. बोंब मारावी तर तोंड नाही. आहे फक्त एक हिरवा दिवा. तो लुकलुकत होता आणि लोक म्हणत होते, चालू तर आहे की!

त्याच दुपारी खाली एक बाई अडली. पडद्यावरचे डॉक्टर थिजले, मग दिसेनासेच झाले. निरोप मिळताच वायरवाला धापा टाकत गच्चीवर आला. मागोमाग सिस्टर.

"दादा, काहीतरी कर. बाळाचे ठोके कमी होतायत."

माझ्या पोटाशी एक बारीक भोक आहे. त्यात टोकदार काही दाबून धरलं, की मी कोरा होतो. सिस्टरने बॅजची पिन काढून दिली. वायरवाल्याने ती दाबून धरली आणि चोर बाहेर फेकला गेला. लॅपटॉपवर भराभर बोटं चालवून त्याने मला पुन्हा उभं केलं. डॉक्टर दिसू लागले, सांगू लागले. बऱ्याच वेळाने खालून बाळाचं रडणं ऐकू आलं. सिस्टर जिन्यातच मटकन बसली आणि तीही रडली.

मित्रांनो, इथेच सगळं संपलं असतं तर किती बरं झालं असतं! पण त्या घाईत वायरवाल्याने नवा आकडा कोणता टाकला, ठाऊक आहे? तोच, पाटीवरचा. उद्या बदलतो म्हणाला, त्यालाही आता बरेच दिवस झाले. आज कुणीतरी पुन्हा माझं दार चाचपतंय. खाली एक बाई नुकतीच दाखल झाली आहे, तिच्या बाळाचे ठोके माझ्यातूनच जातायत. मला ओरडता येत नाही. तुम्हाला येतं ना? मग दुकानात जा, त्याला हाताला धरून वर आणा. माझ्या दिव्यावर जाऊ नका, तो अजून हिरवाच आहे.