ओंब्यांची बाहुली

“आई, बी वेगळं काढलंस ना गं?” इशितानं विचारलं, आणि शरयूच्या हातातला पोळीचा तुकडा हातातच राहिला.

ॲन आर्बरमधल्या मॉरीनच्या परसात लॅमसचा सण चालला होता. ही शेजारीण पेगन, म्हणजे सूर्य, माती, पाऊस यांना देव मानणारी. ऑगस्ट लागला की नव्या गव्हाची पहिली भाकर भाजायची, एक तुकडा मातीला द्यायचा आणि मग सगळ्यांनी खायचं. शरयूचे यजमान राजाराम दर वर्षी त्यात हौसेनं घुसायचे. जन्मभर मोटारींचे ब्रेक बनवलेल्या या माणसाला रिटायर झाल्यावर शेतीचं खूळ लागलं. चांगल्या लॉनची वाट लावून त्यांनी गहू पेरला, तेव्हा शरयूनं अबोला धरला होता. “अगं, आपलंच नवान्न आहे हे. फक्त ड्रेस वेगळा!” असं म्हणून त्यांनी तिला हसवलं होतं.

गेल्या सप्टेंबरात त्यांनी पेरणी केली आणि जानेवारीत ते गेले. गहू मात्र बर्फाखाली निमूट पडून राहिला आणि एप्रिलमध्ये हिरवागार वर आला. शरयूला त्याचा रागच आला. पेरणारा गेला, आणि याला पत्ताच नाही! तरी जुलैत तिनंच तो कापला, झोडपला, पाखडला. टपोऱ्या ओंब्या तेवढ्या दाण्यांसकट मॉरीनला सणाची बाहुली करायला दिल्या आणि उरलेला सगळा गहू दळून सणासाठी पोळ्या केल्या.

“सगळाच दळला मी,” ती म्हणाली.

“सगळा? आई, बाबांचं पहिल्या वर्षापासूनचं बी होतं ते!”

“माहीत आहे गं! पण बी ठेवणं त्यांचं काम होतं. मला कधी करावंच लागलं नाही.” तिनं हातातल्या तुकड्याकडे बघितलं. “त्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. तेही मी खाऊन टाकलं.”

तेवढ्यात गाणं थांबलं. पिकाचं देणं परत करायचं म्हणून मॉरीन ओंब्यांची बाहुली जाळायला शेकोटीकडे निघाली.

“मॉरीन, वेट!”

दुखरे गुडघे विसरून शरयू धावली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. दुसऱ्याच्या पूजेत आपण खोडा घातला, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिनं हात पुढे केला.

“ती मला दे. राजारामचा गहू आहे तो. तेवढाच उरलाय,” ती इंग्रजीत म्हणाली. मराठीत तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं.

मॉरीननं बाहुली शरयूच्या हातात ठेवली आणि आपल्या वाटणीची पोळी शेकोटीत टाकली.

सप्टेंबर संपताना इशिताचा तिच्या घरून, प्लेनोहून, फोन आला.

“पेरलंस?”

“पेरलं. ओंजळभरच निघालं.”

“बाबांना चाललं असतं.”

“हो. फक्त ओळी वाकड्या आल्यात, त्यावरून बोलले असते.”

पहिली ओंबी चुरण्याआधी आपण किती वेळ बाहुली मांडीवर घेऊन बसलो होतो, हे तिनं लेकीला सांगितलं नाही. फोन ठेवून ती मातीचे हात धुवायला आत निघाली. दाराला लाल रिबिनीनं तिनं बाहुली बांधली होती. दाणे काढून घेतलेली, हलकी, पण उभी.