भाग घेणारे : शून्य

ताटली शेजारच्या बाईंनी माझ्या हातात दिली आणि मी ती आईकडे दिली. आईने ती पप्पांकडे द्यायची, पप्पांनी रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाकडे. दर वर्षी एवढंच होतं.

पप्पांच्या मंडळीत हा विधी वर्षातून एकदाच असतो, मार्च-एप्रिलमध्ये, सूर्य मावळल्यावर. बिनखमिराची भाकर, म्हणजे नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही, ताटलीतून फिरते. मागून पेल्यातून द्राक्षारस फिरतो. दोन्ही सगळ्यांच्या हातांतून जातं आणि कुणी काही खात-पीत नाही. त्यांच्या शिकवणीप्रमाणे स्वर्गात फक्त एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं जायची आहेत, आणि भाकर त्यांनीच खायची. बाकीच्यांना देव याच पृथ्वीवर अनंतकाळ जगवणार आहे, पृथ्वीचं नंदनवन करून. मेलेले झोपले आहेत, तेही इथेच उठतील. एक लाख चव्वेचाळीस हजार हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण तो दोन हजार वर्षांत आणि सगळ्या जगात वाटायचा असल्यामुळे स्वारगेटजवळच्या भाड्याच्या सभागृहाच्या वाट्याला कुणी येत नाही. मी पाहुणी म्हणून जाते. मी बाप्तिस्मा घेतला नाही, त्यामुळे मला काढून टाकण्याचीही सोय नाही.

आईने भाकरीचा तुकडा मोडला. पापड मोडल्यासारखा आवाज झाला. तिने तो तोंडात टाकला, नीट चावून खाल्ला आणि ताटली पप्पांपुढे धरली.

पप्पांनी ताटली घ्यायला हात पुढे केला नाही. ते मंडळीचे सचिव, तिथले उजागरे भाऊ. किती लोक आले आणि किती जणांनी भाकर-द्राक्षारसात भाग घेतला, हे दोन आकडे वर कळवायचं काम त्यांचं. एकवीस वर्षं ते दुसऱ्या आकड्याच्या जागी शून्य लिहीत आले होते. शेवटी मीच आईच्या पुढून हात घालून ताटली टोकाच्या माणसाकडे दिली. पेला आला, त्यातूनही आई एक घोट प्यायली.

रिक्षाने वारज्याला घरी आलो. दार उघडल्यावर पप्पा चपला न काढताच म्हणाले, "शालन, तू काय केलंस?"

"खाल्लं."

"त्याचा अर्थ कळतो तुला?"

"पस्तीस वर्षं ऐकतेय. तुमच्याइतकाच कळतो."

"खाणारा पृथ्वीवर राहत नाही. तो वर जातो. मी इथं असणार आणि तू..."

"मी वर," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

पप्पा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी नव्या जगातल्या घराचाही नकाशा काढून ठेवला होता. पुढे ओसरी, बैठकीची खोली, अभ्यासाची खोली, पूर्वेला पपईची चार झाडं. प्रत्येक खोलीवर सुबक अक्षरात नाव. स्वयंपाकघरावर कंसात 'शालन' असं लिहिलं होतं. तो नकाशा लॅमिनेट करून बैठकीत लावलेला होता आणि आम्ही सगळे त्याच्यासमोर बसून जेवायचो.

मी आईच्या मागे गेले. "का खाल्लीस?"

"भूक लागली होती."

"आई."

तिने भांडी विसळायला घेतली. "अनंतकाळ म्हणजे किती गं? तू शास्त्र शिकलीस."

"संपतच नाही इतका."

"आणि रोजचे चार चहा."

मी हसले. खूप हसले. सत्तर वर्षांच्या, दुसऱ्यांदा कर्करोग झालेल्या बाईने नवऱ्यापासून सुटायला याहून चांगली वाट कुठून काढली असती? त्यांच्या मंडळीत बाईला सगळं विचारून करावं लागतं. भाकर खाणं तेवढं कुणाला विचारून करायचं नसतं. पवित्र आत्मा ज्याला-त्याला परस्पर सांगतो.

मी हसत असतानाच ती, मागे न वळता, आणखी काही म्हणाली. "आईनं सांगितलं होतं, वर भेटू. ती वर वाट बघणार आणि मी इथं पपईला पाणी घालत बसू?"

माझी आजी, आनंदीबाई, पेठेतल्या जुन्या चर्चची. त्यांच्यात मेलेलं माणूस झोपत नाही, सरळ प्रभूकडे जातं. आजी गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले होते. आई आत आली नाही. पप्पांच्या मंडळीतली माणसं दुसऱ्यांच्या उपासनेत बसत नाहीत. ती समोरच्या फुटपाथवर सायकलच्या दुकानापाशी उभी होती, पंक्चर काढायला आल्यासारखी. गाणी झाली, प्रार्थना झाली, शवपेटी बाहेर आली. तेव्हा तिने रस्ता ओलांडला आणि पेटीला हात लावला. मामाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी मी चहाचं वाक्य लक्षात ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं.

चौथ्या दिवशी मंडळीचा कारभार पाहणारे दोन ज्येष्ठ घरी आले. बोलणारा इंद्रजीत, हिंजवडीत नोकरीला, अडतीस वर्षांचा, अतिशय सभ्य. दुसरे गृहस्थ फक्त मान हलवत होते.

"शालनताई, हे असं कधीपासून वाटतंय आपल्याला?"

"तुम्ही जन्मायच्या आधीपासून."

"नाही, तसं आम्ही तपासायला आलो नाही. आत्म्याची साक्ष कुणी तपासत नाही."

"मग चहाला आलात का? ठेवते."

इंद्रजीत हसला. पप्पा हसले नाहीत. चहा झाला, प्रार्थना झाली. त्यांना सोडायला मी आणि पप्पा लिफ्टपर्यंत गेलो. तिथे इंद्रजीतने आवाज खाली आणला.

"पूर्णिमाताई, तुम्ही औषध कंपनीत आहात ना? गोळ्या तपासता?"

"हो."

"ताईंना केमोबरोबर स्टिरॉइड देतात, असं भाऊ सांगत होते. त्यानं माणसाला असं होऊ शकतं का? म्हणजे एकदम उत्साह, आपल्या बाबतीत काहीतरी मोठं घडतंय असं?"

"शक्य आहे," मी म्हणाले. "काही जणांना होतं."

ते बरोबर होतं. त्या औषधाच्या माहितीपत्रकात तसं छापलेलं असतं. पण त्यापुढे आणखी एक वाक्य होतं आणि तेही मला माहीत होतं. आईची शेवटची गोळी विधीच्या अकरा दिवस आधी झाली होती, आणि त्या औषधाचा परिणाम तीन-चार दिवसांत ओसरतो. अकराव्या दिवशी तिच्या अंगात होतं ते तिचं स्वतःचं होतं.

हे मी बोलले नाही. मला विचारलं नव्हतं. प्रयोगशाळेत माझ्या हाताखालच्या मुलीने अर्धा निकाल असा कळवला असता तर मी तिला पुन्हा दारात उभं केलं नसतं. गोळी विरघळायला दोन मिनिटं जास्त लागली म्हणून अख्खी बॅच परत पाठवणारी मी. पण तिथे, लिफ्टपाशी, मला वाटलं, यांच्या खेळातले आकडे आहेत. एक काय आणि शून्य काय.

पप्पांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. हवं ते माप मिळाल्यासारखी त्यांनी मान हलवली.

मे महिन्यात एका रविवारी जेवताना आईने विचारलं, "आकडा पाठवलात?"

"केव्हाच."

"किती?"

"उपस्थिती एकशे बारा."

"ते नाही विचारलं."

पप्पांनी वरणाची वाटी थोडी बाजूला सरकवली. "भाग घेणारे शून्य."

"मला धरलं नाही?"

"गोळ्यांमुळे होतं तसं. मी नाही म्हणत, पूर्णिमानेच सांगितलं."

आई माझ्याकडे वळली. मग ताटातला भात बोटाने एकत्र गोळा करत म्हणाली, "यांचं काही नाही. यांना मी एक कधी वाटलेच नाही. तू मोजणारी आहेस, तुझं ऐकतात."

रात्री तिचं अंथरूण घालताना मी तिला अकरा दिवसांचं सांगायला गेले. "मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "मला माहीत आहे मी का खाल्लं ते. त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी मी इंद्रजीतला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, यंदाचा अहवाल गेला. गेलेला आकडा आपण बदलत नाही."

"चुकीचा असला तरी?"

"एकाने काय फरक पडतो, ताई? देवाला माहीत आहेच." थोड्या वेळाने म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू. मी भाऊंशी बोलतो."

पप्पांशी मी स्वतः बोलले नाही. इंद्रजीत बोलेल, असं मी धरून चालले. शिवाय आईचा आजार वाढत होता, घरात तेवढ्याच खोल्या होत्या आणि आम्हां तिघांना त्यांतच राहायचं होतं.

पुढच्या वर्षी विधी आला तेव्हा आई खाटेवर होती. त्यांच्यात एक रीत आहे. भाकर खाणारा माणूस आजारी असेल तर मंडळीतलं कुणीतरी त्याच संध्याकाळी ताटली आणि पेला त्याच्या घरी नेतं. न खाणाऱ्याच्या घरी अर्थातच कुणी नेत नाही. त्यामुळे ताटली घरी आली की आई मोजली गेली, असं ठरल्यासारखंच होतं. मी इंद्रजीतला पुन्हा फोन केला होता. "बघू," तो पुन्हा म्हणाला होता.

आईने दुपारी मला केस धुवायला लावले. होते तेवढे. पाच वाजता लुगडं नेसवून घेतलं, मोतिया रंगाचं, आजीचं. उशांना टेकून ती दाराकडे तोंड करून बसली. पप्पा कोट घालून बाहेर पडताना दारात क्षणभर थांबले.

"येतो," ते म्हणाले.

"या," आई म्हणाली. "मी कुठं जात नाही. अजून."

पावणेसातला सूर्य मावळला. आईला आडवं व्हायला सांगितलं तर तिने ऐकलं नाही. मला राहवलं नाही. "मी करून देऊ का? पीठ आणि पाणीच तर आहे."

"तू केलीस तर ती पोळी," ती म्हणाली. रागाने नाही. मी एखाद्या नमुन्याला नापास म्हणावं तशी.

सव्वाआठला कुलपात किल्ली फिरली. पप्पा एकटेच होते. हातात स्टीलचा डबा होता. आईची नजर डब्यावर गेली आणि तिचा चेहरा, मला सांगता येत नाही कसा, पण लहान झाला. पोरीचा असतो तसा.

"पुलाव आहे," पप्पा म्हणाले. "इंद्रजीतच्या बायकोने दिला. श्रद्धाने. तुझी खूप आठवण काढत होते सगळे."

"ताटली?"

"शालन, तू जेव आधी."

"ताटली नाही आणली?"

पप्पा खाटेच्या कडेला बसले. कोटाचं बटण काढत, पुन्हा लावत राहिले. आणि मग, मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा अशा आवाजात बोलताना ऐकलं. "मी एकटा तिथं काय करू? एवढं मोठं घर, कायमचं. तुझ्याशिवाय मी काय करू तिथं?"

आईने त्यांच्याकडे मान वळवली. मला वाटलं, आता ती हात पुढे करेल.

"चहा करायला शिका," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. लुगडं तिने रात्रभर बदलू दिलं नाही.

ती एकोणिसाव्या दिवशी गेली. मंडळीच्या सभागृहात इंद्रजीतने भाषण केलं. शालनताई आता झोपल्या आहेत, तो म्हणाला, आणि एक दिवस याच पृथ्वीवर डोळे उघडतील, निरोगी, तरुण, आणि समोर उजागरे भाऊ उभे असतील. लोकांनी डोळे पुसले. मामा आला होता. तो आत आला नाही, गेटबाहेर मोटरसायकलला टेकून उभा राहिला. मी आत बसले होते, पहिल्या रांगेत. या जागेचा मला आता सराव झाला आहे.

आठवड्याने एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा पप्पा ओट्यापाशी उभे होते. पातेल्यात पाणी ठेवलेलं. फ्रिजवर आईच्या गोळ्यांचा तक्ता अजून तसाच होता. काळ्या शाईने आखलेला, नकाशासारखा, तारीखवार, प्रत्येक गोळीपुढे बरोबरची खूण.

"शिकतोय," ते म्हणाले. "ती उठेल तेव्हा मी करून देईन. तिला आयता चहा कधी मिळालाच नाही."

एवढं ऐकल्यावर मला गप्प बसता आलं असतं. तेच सोपं होतं. पण मी एकदा तसं करून पाहिलं होतं.

"पप्पा," मी म्हणाले, "गेल्या वर्षी मी अर्धंच सांगितलं होतं. विधीच्या दिवशी आईच्या अंगात ते औषध नव्हतं. शेवटची गोळी अकरा दिवस आधी झाली होती. तिने खाल्लं ते शुद्धीत."

पप्पांनी गॅस थोडा कमी केला. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "गोळ्या मीच देत होतो."

पाण्याला उकळी आली होती. त्यांनी पावडरीचा डबा उघडला, चमचा भरला आणि तो तसाच हातात धरून माझी वाट पाहत उभे राहिले.

"दोन कपांना किती घालायची?"