काहिलीतला काळा गूळ

मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे उसाचा रस उकळून गूळ करायची मोठी, पसरट, लोखंडी कढई. मित्रांनो, मी रिकामी असले तर तुमच्यातले चौघे माझ्यात सहज आडवे होतील. आणि भरलेली असले, की माझ्यावर गोड वासाचा एक ढग तरंगत असतो. आयुष्याची बरीच वर्षं मी त्या ढगाखाली काढली.

मी कोडोलीकडच्या रस्त्यालगतच्या एका गुऱ्हाळातली. गणपतराव आमचे गुळवे, म्हणजे गूळ करणारे कारागीर. रस कधी पिकला हे त्यांना वासावरून कळायचं. खात्रीसाठी ते पाण्यात एक थेंब सोडायचे. त्याची मऊ गोळी झाली की मला चुलाणावरून उतरवायचे. सगळे त्यांची वाहवा करायचे. मग गुऱ्हाळं एकेक करून थंडावली. शहर सरकत आमच्या बांधापर्यंत आलं. कुणी प्लॉट मागू लागलं, कुणी मला भंगारात मागू लागलं.

मालकीण त्रिशलाक्का मात्र हटली नाही. तिनं बंगळूरच्या एका कंपनीला पत्रं लिहिली. कंपनीनं इथं गुळाचा कारखाना काढला, तर त्याला गूळ पुरवायला आसपासची सगळी गुऱ्हाळं पुन्हा पेटणार होती. नाही काढला, तर जमीन विकायची, असं तिनं ठरवलं होतं.

कंपनीची तपासनीस आदिती यायची होती, त्या सकाळी आक्का म्हणाली, "काका, गूळ सोन्यासारखा दिसाया पायजे."

"काळजी सोड की आक्का. पावणं बघतच ऱ्हातील," म्हणत गणपतरावांनी माझ्यात पांढऱ्या पावडरीची मूठ टाकली. बाजाराला पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून अलीकडे सगळेच ती टाकत. माझ्या तळाला ती नेहमीच बोचायची.

चुलाणात उसाची चिपाडं सारणारी धोंडुबाई खदखदून हसली. "तोंडाला पावडर फासून नवरी दावाय निघालासा व्हय?"

"गप बस. पावण्याम्होरं काळा गूळ ठेवायचा? गावाची लाज जाईल!" गणपतराव म्हणाले.

आदिती बेळगावकडची. शांत, कमी बोलणारी. तिनं पिवळा खडा नळीतल्या पाण्यात विरघळवला आणि वरून निळ्या द्रवाचा थेंब सोडला. निळा रंग पहाटेच्या स्वप्नासारखा विरून गेला.

"यात रसायन आहे," ती म्हणाली. "असा गूळ आम्हाला चालत नाही."

आता ही परत निघणार म्हणून आक्का तिच्या गाडीकडे बघत राहिली. आदितीनं नळी धुतली आणि सहज विचारलं, "तुम्ही घरी हाच खाता?"

"ह्यो? न्हाय बाई!" धोंडुबाईनं भाकरीचं फडकं सोडलं. "आमचा ह्यो काळा. भेंडीचा रस घालून मळी काढलेला. पावण्याला कसा द्यायचा म्हणून झाकून ठेवलाय."

आदितीनं तो खडा विरघळवला. थेंब सोडला. यावेळी निळा रंग हलला नाही.

"माझ्यासमोर असा एक घाणा करून दाखवाल?"

गणपतरावांनी मला स्वतःच्या हातांनी तीनदा घासलं. रानभेंडी ठेचली, रस उकळला, वर आलेली मळी काढून टाकली. गोळीच्या वेळी त्यांनी पाण्यात एकाऐवजी दोन थेंब सोडून पाहिले. त्या दुपारी माझ्यावरचा ढग इतका स्वच्छ होता, की मला मीच हलकी वाटले. साच्यातून गडद तपकिरी ढेपा निघाल्या. आदितीनं त्याही तपासल्या, मग आक्काचा हात हातात घेतला.

कारखाना आला. आसपासची अकरा गुऱ्हाळं पेटली. गणपतराव आता कारखान्यात डोक्यावर पांढरी टोपी घालून नव्या गुळव्यांना शिकवतात. तिथं सगळ्या काहिली स्टीलच्या आहेत. मी मागच्या अंगणात आहे, वारा आला की थोडी गुणगुणते.

मित्रांनो, दूरचं माणूस तुमच्या गावची वस्तू पाहायला आलं, तर तिला रंग फासू नका. घरी जी खाता, तीच पुढे करा. आणि माझ्यासारखी एखादी काम संपलेली काहील दिसली, तर तिला उघडी टाकू नका. लोखंडाला गंज लवकर चढतो. बोटभर तेल पुरतं.