सातवी फळी आणि पाण्याचं पान

मित्रांनो, फळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी येईल. मी ती नव्हे. मी दुकानाच्या दाराची फळी आहे. जुनी, सागाची, पुरुषभर उंचीची. माझ्या माथ्यावर डांबराने सातचा आकडा घातलेला आहे. आज मी रागात आहे. तो राग तुम्हाला नीट कळावा म्हणून सुरुवातीपासून सांगते.

शाहूपुरीत विरूपाक्षअण्णांची गुळाची पेढी होती. तेव्हा दुकानांना शटर नव्हती. उंबऱ्यात एक खाच असे आणि वरच्या चौकटीत एक खाच असे. त्या खाचांतून एकेक सुटी फळी सरकवत नेली की दुकान बंद होई. आमचा क्रम चुकला तर शेवटची फळी बसतच नसे, म्हणून सुताराने आम्हाला आकडे घातले. मला आकडा ठाऊक होता. अक्षर ठाऊक नव्हतं. ते फार उशिरा कळलं.

मी सर्वांत शेवटची. बाकीच्या फळ्या लागल्या तरी मला बऱ्याचदा लावत नसत. दुपारी अण्णा जेवायला बसले किंवा बाजारात कुणी वारलं म्हणून पेढ्या बंद झाल्या, तरी माझी जागा मोकळी ठेवायची असा तिथला रिवाज होता. अडलेला माणूस तेवढ्या फटीतून आत येई. अण्णा हमालांना म्हणत, "सातवी काढून ठेवा रे. माणसानं आत यायचं कुठनं?"

लोक माझं कौतुक करत. इतक्या वर्षांत वाकली नाही म्हणत. मग शटर आलं. माझ्या बहिणी पाणी तापवायच्या बंबात गेल्या. मला गटारावर आडवी टाकली. ज्या हातांनी मला तेलपाणी केलं होतं त्यांच्याच घरातले पाय माझ्यावरून चिखल घेऊन गेले. अण्णा वारले तेव्हा दुकान बंद करायला नुसतं शटर खाली ओढलं. कुणी फट ठेवली नाही.

दोन हजार एकोणीस साली पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं आणि मी तरंगत गेले. पाणी ओसरल्यावर गल्लीच्या टोकाला एका खिडकीच्या गजांत अडकलेली अण्णांच्या नातीला सापडले. तिचं नाव रक्षिता. तिने माझा आकडा पुसून बघितला आणि म्हणाली, "ही अज्जाची सातवी." आजोबांना ती अज्जा म्हणे. तिने मला घासलं, वाळवलं, दुकानाच्या मागच्या खोलीत गुळाच्या दोन खोक्यांवर उतरती मांडली. तेव्हापासून ती माझ्यावर कागद ठेवून लिहू लागली. लिहिताना प्रत्येक वाक्य तोंडाने पुटपुटायची आणि पेन्सिल जोरात दाबायची. त्या दाबाने मी उतारवयात अक्षरं शिकले.

रक्षिताला कॉमिक लिहायचं होतं. काढायचं नव्हतं, लिहायचं होतं. हे सांगितलं की लोक हसत. चित्रं कोण काढतो, असं विचारत. चित्रं सम्राट काढतो, असं ती सांगे. सम्राट फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचा. मग तू काय करतेस, हा पुढचा प्रश्न ठरलेला. अरे, कोणत्या चौकटीत काय दिसावं, कुणी कधी बोलावं, पान उलटताना काय दडवावं, हे कोण ठरवतं? पण फळीला कोण विचारतो.

तिने पुण्याला दोन-तीन मासिकांकडे गोष्टी पाठवल्या. एकाने लिहिलं, आधी चित्रं पाठवा. बाकीच्यांनी काहीच लिहिलं नाही.

आणि खरं सांगायचं तर तिचं पहिलं लिखाण वाईटच होतं. चौकटीत सगळे नुसते बोलत असत, तोंडाशी संवादाचे फुगेच फुगे. सम्राट एकदा कागद घेऊन आला आणि माझ्यावर आपटला. "बाई कुठं काढू, सांग. सगळी चौकट तुझ्या फुग्यांनीच भरली की. म्हैस शेपटापुरती उरलीया." रक्षिता चिडली, मग हसली, मग खोडायला बसली. ती खोडायला शिकली तेव्हाच लिहायला शिकली.

ती म्हैस बयाबाईंची होती. बयाबाई आमच्या गल्लीत दूध घालत. पुराच्या वेळी गोठ्यात पाणी चढलं तेव्हा त्यांनी विळ्याने तिन्ही म्हशींची दावी कापली, जगायचं तर पोहून जगा म्हणून. स्वतः पत्र्यावर चढून बसल्या. सकाळी उजाडलं तेव्हा चहूकडे पाणी होतं आणि हातात कापलेलं दावं होतं. पुढे दोन म्हशी परतल्या. तिसरी परतली नाही.

हीच गोष्ट रक्षिता लिहीत होती. त्या सकाळी तुम्ही काय म्हणालात, असं तिने विचारलं. बयाबाई माझ्या कडेवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय बोललोच न्हाई मी. कुणाशी बोलायचं? तू माझ्या तोंडात शब्द घालू नगंस."

म्हणून रक्षिताने ते सबंध पान मोकळं ठेवलं. सम्राटने त्यावर फक्त पाणी काढलं आणि खालच्या कोपऱ्यात दावं धरलेला एक हात. एकही फुगा नाही. रक्षिताला सहा वर्षं जे जमत नव्हतं ते त्या पानात जमलं होतं. मला माझी जागा आठवली. मी बाजूला व्हायचे तेव्हाच माणूस आत यायचा.

यंदा गणपतीत आमच्या पेठेतल्या मंडळाने स्मरणिकेऐवजी ही चित्रकथा छापायची ठरवली. अध्यक्ष धैर्यशीलदादा स्वतः येऊन सांगून गेले. रक्षिताचं पहिलं छापील काम. त्या दिवशी तिने मला पुन्हा तेल लावलं.

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी गठ्ठे आले. सम्राट होता, आपली गोष्ट बघायला बयाबाईही थांबल्या होत्या. रक्षिताने माझ्यावर पहिला गठ्ठा सोडला, एक प्रत उघडली आणि पाण्याच्या पानावर तिचा हात थांबला.

मित्रांनो, आपल्या गावातले फ्लेक्स तुम्ही पाहता. कुणाचाही वाढदिवस असो, खाली शुभेच्छुकांचे चेहरे लागतातच. मोकळी जागा दिसली की तिथे चेहरा लावायचा, ही इथली सवय. मंडळाच्या पोरांना छापखान्यात ते पान मोकळं दिसलं. त्यांनी त्यावर शुभेच्छुक लावले. पुराच्या पाण्यावर डझनभर माणसं गॉगल घालून हसत तरंगत होती. मधोमध अध्यक्ष, सर्वांत मोठे. दावं धरलेल्या हातावर खजिनदार आले होते. आणि रक्षिताचं नाव मागच्या पानावर, मांडववाल्याच्या खाली, विशेष आभारात.

तेवढ्यात धैर्यशीलदादा आले. फार खुशीत होते. संध्याकाळी तुझा सत्कार, फेटा बांधणार म्हणाले. रक्षिताने ते पान त्यांच्यासमोर धरलं.

"पान मोकळंच हुतं की," ते म्हणाले. "वाया गेलं असतं. पोरांनी हौसेनं फोटो लावलं."

"दादा, ते मोकळं नव्हतं. ते तसंच लिहिलं होतं."

"न लिहिता लिहिलंवतं व्हय?" ते हसले. त्यांच्या मागची दोन माणसंही हसली.

बयाबाईंना वाचता येत नाही. पण पाणी त्यांनी ओळखलं. त्या जवळ आल्या आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेल्या. मग अध्यक्षांकडे बघून विचारलं, "दादा, ह्यातलं त्या दिवशी पाण्यात कोण हुतं?"

अध्यक्षांनी मोबाईल काढून उगाच बघितला. मग म्हणाले, एका पानाने काय होतं, पुढच्या वर्षी बघू, आता गठ्ठे मांडवात पाठव.

रक्षिताने गठ्ठ्यांवर हात ठेवला. "असे नाही जाणार, दादा."

तिने सम्राटला पाण्याच्या मूळ पानाच्या प्रती छापून आणायला पाठवलं. बयाबाईंनी दुकानातल्याच शेगडीवर चिकटवायला कणकेची खळ शिजवली. दिवसभर माझ्यावर कागद आले, खळ लागली, चेहऱ्यांवर पाणी चढलं. दुपारी खजिनदार येऊन आपला फोटो कुठे गेला म्हणून ओरडून गेले. शेवटी धैर्यशीलदादा परत आले. पाहुणे मांडवात येऊन बसले होते, आता गठ्ठे नेल्याशिवाय इलाज नव्हता. ते ओल्या प्रती उचलताना म्हणाले, "पुढं ह्या मंडळात तुझं एक अक्षर छापायचं न्हाई. ध्यानात ठेव."

"चालेल," रक्षिता म्हणाली. सत्काराला ती गेली नाही. तिच्या फेट्याचं काय झालं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मुली दुकानाच्या पायरीवर बसून ती चित्रकथा मोठ्याने वाचत होत्या. त्या पानाशी त्यांचा आवाज थांबला. मग एकीने हळूच विचारलं, म्हशी आल्या का गं परत? बयाबाई आत दूध मोजत होत्या. त्यांनी माप खाली ठेवलं आणि पायरीवर मुलींशेजारी जाऊन बसल्या.

माझा राग अजून गेलेला नाही. खळीचे डाग माझ्या अंगावर आहेत, ते मला पुसायचेही नाहीत. रक्षिता आजही माझ्यावर लिहिते, नवी गोष्ट, कोण छापणार हे ठाऊक नसताना. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी असं काही लिहीत असेल तर त्याला चित्रं कोण काढतो असं विचारू नका, बसून वाचा. आणि उद्या तुम्ही मोठे व्हाल, मंडळाचे अध्यक्ष व्हाल, एखादं मोकळं पान तुमच्या हाती येईल. त्यावर स्वतःचा चेहरा चिकटवायची फार इच्छा होईल. तेव्हा हात आवरा आणि अण्णा विचारायचे तेच स्वतःला विचारा. सगळंच भरून टाकलं, तर माणसानं आत यायचं कुठनं?