धुपाने वाढलेले घोडे

या, जरा जवळ सरका. एका चमत्काराची गोष्ट सांगतो. देवावर जीव आहे, म्हणूनच सांगतो.

त्या संध्याकाळी गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. शर्यतीची मोटारसायकल पट्ट्यांनी जखडून तिचं मागचं चाक रोलरवर चढवलं होतं. चाकाने रोलर फिरवायचा, की इंजिनाची ताकद किती घोड्यांची, म्हणजे किती हॉर्सपॉवर, ते पडद्यावर दिसतं. ती पळवणारा पोरगा शेजारी उभा होता. इंजिनातून ठोके येत होते. गॅरेजवाले मामा सकाळीच म्हणाले होते, "बेअरिंग गेलंय, बाळा. इंजिन उघडल्याशिवाय पळवू नकोस." पण उघडलं तर उद्याची शर्यत हुकणार. म्हणून त्याच्या आईने महाराजांना आणलं.

महाराजांनी पेटतं धुपाटणं भिंतीवरच्या फळीवर ठेवलं आणि डोळे मिटले. "माई, इंजिनालाही आत्मा असतो. तो थकलाय. माझ्या तपातले दोन घोडे देतो त्याला."

"दोनच? एवढे लांबून आलात, चार तरी द्या," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

पुन्हा मोजलं. आकडा चढला. परत मोजलं, आणखी चढला. हसणारेच आधी पाया पडले.

पोराची ताई शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "अहो, पण ठोके तसेच आहेत."

"शंका म्हणजे इंजिनातली वाळू, ताई," महाराज म्हणाले. जयघोष झाला.

दुसऱ्या दिवशी भर वेगात इंजिन जाम झालं, मागचं चाक जागीच अडकलं. पोरगा घरी आला तो चौघांच्या खांद्यावरून.

काही दिवसांनी ताई गॅरेजात गेली. रोलरवर दुसरीच गाडी चालू ठेवून मोजत होते. धुपाटणं ठेवलं होतं त्याच फळीच्या वर एक छोटी डबी होती, खोलीतल्या हवेचं तापमान मोजणारी. तापलेल्या हवेत इंजिन कमी ताकद देतं, म्हणून हवा गरम दिसली की मशीन आकड्यात आपणहून भर घालतं. ताईने वाफाळत्या चहाचा पेला डबीखाली धरला. आकडा चढला. पेला बाजूला केला, डबी निवू दिली; आकडा उतरला. गाडीत कुणी काहीच बदललं नव्हतं.

"मामा, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

मामा फडक्याने हात पुसत राहिले. "तुझी आई रडत होती गं. एवढी माणसं जमलेली. म्हटलं, कुणाचं काय जातंय."

"माझा भाऊ गेला, मामा."

महाराज आता दुसरीकडे घोडे वाटत फिरतात. बाबांनो, देवाला डबी तापवावी लागत नाही. आकडा वाढला की हात जोडण्याआधी विचारा, मोजलं कशाने आणि त्याच्याजवळ ठेवलं काय होतं. आणि देवापुढे बसाल तेव्हा त्या पोराची आठवण काढा. त्याची आई वाटेत भेटली तर मात्र तिला एवढं सांगू नका, की देवाचीच इच्छा होती.