नवाकोरा पेला

“नाही म्हणजे नाही,” असं म्हणून गुलाबरावांनी गुडघ्याला तेल चोळायला घेतलं, म्हणजे त्यांच्या लेखी विषय संपला. भावना मात्र ओसरीवरून हलली नाही.

विषय तिच्या मैत्रिणीचा होता. रायपूरच्या नर्सिंग कॉलेजात तिच्या वर्गात नीमा नावाची मुलगी होती, पार टांझानियाहून आलेली. काळी पोरगी आमच्या गल्लीत नको, असा शेजाऱ्यांनी धोशा लावला आणि घरमालकाने तिला खोलीबाहेर काढलं. वसतिगृहात जागा द्या म्हटलं तर कॉलेजने हात वर केले. म्हणून उद्यापासून वर्गातल्या मुली कॉलेजच्या फाटकासमोर धरणं धरणार होत्या, आणि धरण्यावर बसेल तिला शेवटच्या परीक्षेला बसू देणार नाही, असं कॉलेजने बजावलं होतं. भावनाचा बाप राकेश याने नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं: आबा म्हणतील तसं कर. तेव्हा भावना नीमाला घेऊन सकाळच्या बसने अभनपूरला उतरली आणि तिथून गावातल्या घरी आली. आबा नाही म्हणाले तर जाणार नाही, हा तिचा शब्द होता. नातीचा शब्द पक्का असतो हे ठाऊक असल्यामुळेच गुलाबरावांना स्वतःचा नकार जड जात होता.

ते काही भित्रे नव्हते. रेल्वेच्या छोट्या लाइनीवर रूळ सांभाळणारा गँगमन म्हणून हयात काढलेला माणूस. रुळावर साप निघाला तर फावड्याने बाजूला सारून पुढे जाणारा. पण मोर्चा दिसला की ते गल्ली बदलत. नोकरी टिकली, राकेश शिकला, हे दोन खोल्यांचं घर झालं, ते सगळं आपण गप्प राहिलो म्हणून, असं त्यांना मनापासून वाटे.

“दोन महिने राहिले, पोट्टी. पह्यले नर्स हो, मंग भांड कोणाशी भांडाचं ते.”

“तब तक नीमा कहाँ रहेगी, आबा?” भावना म्हणाली. मराठी तिला सगळी समजे, तोंडात मात्र हिंदीच येई.

आतून आजीचा, कमलाबाईंचा आवाज येत होता. नीमाच्या बारीक वेण्यांनी त्यांना वेड लावलं होतं. किती वेळ लागतो, कोण घालून देतं, उवा होत नाहीत का, अशी चौकशी वऱ्हाडी-हिंदीच्या खिचडीत चालली होती आणि नीमा हसून हसून जमेल तसं उत्तर देत होती. ही पोट्टी आपल्यासारखंच तिखट खाते, एवढ्यावर कमलाबाईंनी तिला आपली म्हणून टाकलं होतं.

मग त्या चहा घेऊन आल्या. घरच्यांसाठी नेहमीचे तीन कप आणि नीमासाठी रायपूरच्या गोल बाजारातून कधीचा आणून ठेवलेला, अजून कोणी तोंडही न लावलेला स्टीलचा पेला. त्यांनी तो कौतुकाने तिच्यासमोर ठेवला.

नीमाने पेल्याकडे पाहिलं, मग कपांकडे. तिचं हसू विझलं.

“मेरा अलग है?” तिने हळू विचारलं.

घरमालकीण नीमाला ताट-पेला वेगळा, न्हाणीच्या खिडकीत ठेवायला लावत असे, हे भावनाने खाली बघत सांगितलं. कमलाबाईंचं तोंड एवढंसं झालं. पाहुणीसाठी नवाकोरा काढला, त्यात काय चुकलं ते त्यांना कळेना. गुलाबरावांना कळलं. त्यांनी तो पेला उचलला आणि हातातच धरून ठेवला.

“टेसनाबाहेर चहाची टपरी होती,” ते म्हणाले. “गँगचे सगळे गिलास आत. माहा गिलास भाईर छपरात खोचून राहे. मीच काढू, मीच धुऊ, मीच खोचून ठेवू.”

“मले कधी सांगतलं नाही तुम्ही,” कमलाबाई म्हणाल्या.

“काय सांगू? मी पेत होतो ना चहा. रोज पेत होतो.”

त्यांचे डोळे भरून आले. टपरीवाल्याचा राग कधीच विझला होता. आपण मुकाट्याने पीत राहिलो याची लाज मात्र जशीच्या तशी होती, आणि ती बायकोसमोर, नातीसमोर उघडी पडली होती.

कमलाबाईंनी पेला त्यांच्या हातातून काढून स्वतःसाठी घेतला आणि आपला कप नीमापुढे सरकवला. “ह्याचा कान तुटला हाय, संभालके पकड,” त्या म्हणाल्या. नीमाने कप दोन्ही हातांनी धरला आणि चहा संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

“उद्या पाण्याच्या बाटल्या नेजा,” गुलाबराव भावनाला म्हणाले. “ऊन लई तापून राहिलं.”

“और परीक्षा?”

“नाही बसू देलं तं पाहू. मी हावो.”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दहाच्या सुमारास भावनाने रायपूरहून व्हिडिओ कॉल करून मोबाइलवर धरणं दाखवलं. डांबरावर सतरंजी टाकून मुली बसल्या होत्या, मधोमध नीमा. डोक्यावर सावली नाही. गुलाबराव खाटेवरून उठले, अंगणात पोतं अंथरलं आणि मोबाइल विटेला टेकवून उन्हात बसले.

“काहून जी, चक्कर आणता का? सावलीत या.”

“पोट्ट्या उन्हातच बसून राहिल्या.”

कमलाबाई तडक आत गेल्या. रुसल्या, असं गुलाबरावांना वाटलं. पण त्या दुसरं पोतं घेऊन आल्या, डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्या शेजारी बसल्या. शेतावर निघालेल्या शेजारच्या हरिदासने सायकल थांबवली. घरात काही वाईट झालं का, असे उन्हात का बसलात, म्हणून घाबरून विचारलं.

“धरना चल रहा है, बेटा,” कमलाबाई म्हणाल्या.

हरिदासने रस्त्यावर इकडे-तिकडे पाहिलं. कोणीच नव्हतं. ऊन इतकं चढलं होतं की मोबाइलवरचं काही दिसेना, तरी दोघं त्याच्याकडेच बघत बसून राहिली.