कुजकी पिंजर

पावणं, तुमच्या पोराला किडनी बसवलीया न्हवं? मग डॉक्टर इचारतील ते खरं सांगा. माझ्यागत लाजू नका.

मी धोंडुबाई. वर्षाच्या तपासणीला येते हितं. माझा धाकटा भाऊ ज्ञानू, त्याला माझी किडनी दिलती. ऑपरेशनला चार महिनं झालतं. किडनी टिकायच्या गोळ्यांनी अंगातली रोग झेलायची ताकद कमी, म्हणून मातीत, गोठ्यात जायची त्याला बंदी. पर पावसाळ्यात माझी कंबर धरली, म्हशी हंबराय लागल्या, आणि माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "किडनी काढून दिली तुला, आता वैरणबी मीच टाकू व्हय?" बिचारा गप उठला. भाताच्या पेंढ्याची भिजून कुजलेली पिंजर उपसली त्यानं. पांढरी बुरशी धुरळ्यागत उडाली. मी दारातनं बघत होते की!

पंधरवड्यात ताप, खोकला, थुंकीत रक्त. ह्याच दवाखान्यात आणला. फोटोत फुप्फुसावर डाग दिसला. डॉक्टर ऐश्वर्या मॅडम म्हणाल्या, "टीबी असेल, नाहीतर बुरशी. दोन्हीची औषधं वेगळी आहेत. हा गोठ्यात, कुजक्या वैरणीत गेला होता का?"

मी म्हटलं, "न्हाय."

त्यांनी ज्ञानूकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "न्हाय मॅडम. आक्का मला अंगणातबी सोडत न्हाय."

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज वाटायचं, आज सांगावं. रोज मॅडम आल्या की मी डबा धुवायला भाईर जायचे. नवव्या दिवशी नळी घालून फुप्फुसातलं पाणी तपासलं, तवा बुरशी सापडली. मग मी सगळं ओकले. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या.

औषध बदललं, पर उशीर झालता.

म्हशी विकल्या, गोठा धुतला. तरी भर दुपारी रिकाम्या गोठ्यातनं खोकला येतो. घरातली म्हणत्यात, भास हाय. भास कसला! माझ्या भावाचा खोकला मी वळखत न्हाय व्हय? खोकून झालं की म्हणतो, "आक्का, टाकली गं वैरण." मी कानात बोटं घालते, तरी ऐकू येतंय.

ज्ञानू गेला त्या दिवशी मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. समजूत घालायला म्हणाल्या, "धोंडुबाई, तुम्ही दिलेली किडनी शेवटपर्यंत उत्तम चालली."